कड्यातून जाईल ते

झोळी वर आली तेव्हा आधी हमदियेच्या हातांना कळलं. वजन चुकलं होतं.

दहा हात लांब काठी, टोकाला लोखंडी दाते आणि दात्यांमागे जाळीची झोळी. खडकावरून तीनदा ओढली की झोळी भरते, आणि भरलेली झोळी होडीच्या काठावरून आत घेताना डाव्या कमरेत कळ येते. सव्वीस वर्षं ती कळ ठरल्या जागी येत होती. आज झोळी गच्च भरलेली दिसत होती आणि कळ आली नाही.

तिनं झोळी होडीत उलटी केली. भरलेले शिंपले दगडांसारखे पडतात. हे हेझलनटच्या टरफलांसारखे वाजले.

एकेक उचलून ती बघू लागली. दोन्ही झाकणं बिजागरीशी घट्ट जोडलेली, उघडी, आणि आत काही नाही. आतली निळसर पांढरी भिंत इतकी स्वच्छ की कुणी फडक्यानं पुसली असावी. भोक नव्हतं, तडा नव्हता. काठाला एका जागी काळी साल अर्ध्या नखाएवढी झिजली होती. दार मोडलेलं नाही, कुलूप तोडलेलं नाही, आणि घरातलं माणूस नाहीसं. तिनं बारा शिंपले पाहिले. बाराही तसेच.

सगळ्या ढिगात जिवंत असे एकोणीस निघाले. तिनं कमरेच्या फडक्यातून लोखंडी कडं काढलं आणि एकेक शिंपला त्यातून घालून पाहिला. बारा सहज पलीकडे गेले. ते तिनं पुन्हा पाण्यात सोडले. अडकले ते सात टोपलीत ठेवले.

कडं तिच्या सासूचं होतं, त्याआधी सासूच्या सासूचं. वापरून वापरून आतून आरशासारखं झालेलं. लग्नाच्या दिवशी सोन्याच्या बांगड्या घालायच्या आधी सासूनं ते तिच्या हातात ठेवलं होतं आणि एकच वाक्य सांगितलं होतं: कड्यातून जाईल ते खडकाला परत. या किनाऱ्यावर प्रत्येक घराचा पाण्याखाली एक खडक असतो, तो बायकांचा असतो, आणि प्रत्येक घरात असं एक कडं असतं. म्हणजे असायचं. गावात नऊ खडक होते. गेल्या दहा वर्षांत आठ ओस पडले. नववा हमदियेचा, काळी पाठ. धक्क्यापासून तीनशे वल्ह्यांवर, दोन पुरुष खोल पाण्यात एखादी म्हैस बसल्यासारखा.

त्या खडकावरच्या शिंपल्यांत ती भात भरत असे. कांदा, काळी मिरी, मनुका, चिलगोजे. वरच्या रस्त्यावर बसथांब्याशी ताट घेऊन उभी राहिली की उतारू उभ्या उभ्या खात, वर लिंबू पिळत, आणि पुढच्या खेपेला तिची विचारपूस करत. खडक गेला की ताट गेलं, आणि ताट गेलं की शहराबाहेरच्या शेडमध्ये जायचं, जिथं उकडलेल्या शंखी गोगलगायी आकड्यानं ओढून काढतात. आठ खडकांच्या आठ बायका तिथंच होत्या.

ती वल्ही मारत परत आली तेव्हा धक्क्यावर शेजारची फेरदाने शेडची गाडी यायची वाट बघत उभी होती. तिचा खडक चार वर्षांपूर्वी गेला होता. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं.

"सात? नमुना म्हणून आणलेस की काय?"

"हो. तुला दाखवायला."

"दाखवू नकोस, मी ओळखते." फेरदानेनं होडीतला एक रिकामा शिंपला उचलला, उघडझाप केली. "माझ्याकडंही असंच झालं होतं. पहिल्या वर्षी असे, दुसऱ्या वर्षी हेसुद्धा नाहीत. ये गं तिकडं. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. बोलायला बंदी आहे, पण मी बोलते."

"आणि नखं तपासतात म्हणे."

"रोज. शाळेत कुणी तपासली नाहीत एवढी. मुतायला जायचं तर हात वर करायचा. पन्नाशीची बाई मी, हात वर करून उभी राहते." गाडी आली. पाय वर टाकता टाकता ती म्हणाली, "भात मात्र तुझ्याच हातचा खाणार. तो बंद करू नकोस."

*

जून लागला होता. जाळं ओढायला बंदी होती, म्हणून हमदियेचा नवरा इल्यास घरी होता. बंदी नसते तेव्हा तो छोट्या बोटीमागं लोखंडी चौकटीचं जाळं बांधून वाळूचा तळ खरवडतो आणि शंख्या काढतो. माल घेणाऱ्या नुसरेतचा ट्रक त्यांना शेडला नेतो, तिथून त्या डब्यांत बसून जपानला जातात. बंदीच्या महिन्यांत शेड बर्फात ठेवलेल्या मालावर चालते. गावात कुणी त्या तोंडात घालत नाही. समुद्रातली असली तरी गोगलगायच ती.

"जपानी लोकांच्याच समुद्रातून आल्यात त्या," इल्यास म्हणायचा. "माझ्या आजोबांच्या वेळी. जहाजांच्या पोटाला चिकटून. आता आपण त्यांचे पाहुणे त्यांना परत धाडतोय, आणि ते वर पैसे देतात. असले सज्जन लोक मी बघितले नाहीत."

त्या सकाळी मात्र तो हसला नाही. मक्याची भाकरी आणि चीज तसंच ठेवून रिकामा शिंपला बोटात फिरवत राहिला.

"शंखीच," तो म्हणाला. "अंगाखाली घेते, दार उघडायची वाट बघत बसते. शिंपला किती वेळ श्वास धरेल?"

"शंखी वाळूतली," त्याचा बाप दुराली म्हणाला. म्हातारा खिडकीपाशी बसून पेल्यातला चहा फुंकत होता. "सपाटीवरची. काळी पाठ बेट आहे, चारी बाजूंनी चिखल. तो ओलांडून चढणार कशी?"

"मग कुणी खाल्लं, बाबा?"

"पाणी गरम झालंय. दरवर्षी होतंय."

दुरालीचा गुडघा तीन वर्षांपूर्वी बोटीच्या मालाच्या खणात पडून मोडला होता. तेव्हापासून तो समुद्रावर जात नव्हता. पण जाळ्याच्या हंगामात बोट लागली की धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि माल निवडायचा. नुसरेत लहान शंख्या घेत नसे. त्यांच्यात मांस नाही, कामगारांचा वेळ जातो. मोठ्या पोत्यात, लहान बादलीत. ते काम त्याचं होतं, आणि तो बसलेला असताना कुणी पोत्याला हात लावत नसे.

*

दोन दिवस वायव्येचा वारा होता. तिसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला आणि पाणी स्वच्छ झालं. हमदियेनं तळाला काच बसवलेली बादली घेतली, इल्यासला वल्ह्यांवर बसवलं आणि काळ्या पाठीवर गेली. बादली पाण्यात दाबून तिनं तोंड आत घातलं.

काच लागली की समुद्राचा चकाकणारा पत्रा निघून जातो आणि खाली दुसरं घर दिसतं. आधी तिला खडकाची पाठ दिसली, आणि ती काळी नव्हती. पांढरी होती. उघडे शिंपले, हजारो, सगळे आभाळाकडं तोंड करून, प्रत्येकाच्या आत थोडंसं आकाश. फक्त पूर्वेकडच्या खांद्यावर, चार चादरी अंथरता येतील एवढ्या जागेत, काळा रंग शिल्लक होता. तिथले शिंपले जवळजवळ बसलेले, किंचित उघडे, श्वास घेणारे.

आणि पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या मधल्या रेषेवर त्या बसल्या होत्या.

तिनं शंख्या आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण बोटीत, उलट्यापालट्या, गाळात माखलेल्या. राहत्या घरी पाहिल्या नव्हत्या. मुठीएवढ्या, राखाडी, पाठीवर तांबूस नागमोडी रेघा. रेषेत, खांद्याला खांदा लावून, शेतकरी कापणीला बसतात तशा. कुणी घाई करत नव्हतं. एक शंखी शिंपल्यावर चढलेली होती. तिचं केशरी पाऊल पातळ पसरून त्याला चारी बाजूंनी धरून होतं, जसं आई पोराचं डोकं छातीशी धरते. किती वेळ धरून होती कुणास ठाऊक.

"काय दिसतंय?" इल्यासनं विचारलं.

 खडकाच्या उतारावर, सावलीच्या बाजूला, तिला पिवळं गवत दिसत होतं. समुद्रात तसलं गवत नसतं. बोटाच्या पेराएवढ्या उभ्या पात्या, दाट, एकाच उंचीच्या, लोणी कालवल्यासारखा रंग. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर ते सगळं एका अंगावर झुकत होतं आणि पुन्हा उठत होतं. गवताच्या कडेला वीस-पंचवीस शंख्या एकमेकींवर चढून ढीग करून बसल्या होत्या, आणि ढिगाखालून नव्या पात्या निघत होत्या.

"अंडी घालतायत," ती म्हणाली. "तू बघ."

त्यानं बादलीत तोंड घातलं. बराच वेळ वर काढलं नाही. वल्ही सुटून होडी फिरली तरी काढलं नाही.

"मी वीस वर्षं यांना धरतोय," शेवटी तो म्हणाला. चेहऱ्यावर काचेच्या कडेचा गोल उमटला होता. "मला हे माहीत नव्हतं."

मग त्यानं सदरा काढला, श्वास भरला आणि उडी मारली. चार बुड्यांत बारा शंख्या आणि मूठभर पिवळ्या पात्या वर आल्या.

*

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून हमदियेनं बारा शंख्या ओळीनं मांडल्या. पात्या पांढऱ्या ताटलीत ठेवल्या. प्रत्येक पाती म्हणजे एक कुपी होती, वर बारीक टोपण असलेली. तिनं एक कुपी सुईनं फोडली, दुरालीचं कुराण वाचायचं भिंग घेतलं आणि आतले कण सुईच्या टोकानं एका बाजूला सारत मोजायला लागली. चारशेवर गेल्यावर थांबली. अजून तेवढेच उरले होते. तळहाताएवढ्या तुकड्यात कुप्या किती, ते तिनं आधीच मोजलं होतं: दोनशे दहा. खडकावर असे तुकडे किती, ते तिला दिसलं होतं. तिनं गुणाकार करायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिला. भीती वाटली असं नाही. प्रार्थनेच्या वेळी मशिदीच्या घुमटाखाली मान वर केल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं.

मग ती शंख्यांकडं वळली. भिंग हातात होतंच, म्हणून शंखांवरून फिरवलं. पहिल्या शंखाच्या ओठापासून दोन बोटं मागं एक आडवी खोक होती. वेडीवाकडी, दात लागल्यासारखी. आणि ती भरून आली होती. खोकेच्या पुढं नवा शंख वाढला होता, जरा पातळ, जरा फिकट. भिंतीला गिलावा करताना जुनं नवं कळतं तसं.

दुसऱ्या शंखावरही खोक. तिसऱ्यावरही. बाराच्या बारा. कुणाची नवी वाढ एक बोट, कुणाची दोन, कुणाची तीन बोटं.

तिनं इल्यासला हाक मारली.

"ही खूण कशाची?"

त्यानं अंगठा फिरवला. त्याला भिंग लागलं नाही.

"चौकटीची. आपल्या जाळ्याच्या. लोखंडाला घासल्या की ओठ असाच फुटतो." त्यानं पुढच्या शंखावर अंगठा फिरवला. "म्हणजे या एकदा बोटीत येऊन गेल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या. लहान असताना." त्यानं खोकेपाशी शंखाची जाडी चिमटीत धरून पाहिली. "एवढ्या होत्या तेव्हा. नुसरेत घेत नाही एवढ्या."

दोघांनी एकाच वेळी खिडकीकडं पाहिलं. खिडकीखाली बागेत दुराली एका हातानं काठी टेकत दुसऱ्या हातानं कोबीला पाणी घालत होता. हंगामात माल निवडून झाला की तो बादली घेऊन लहान होडीत बसायचा आणि एकटा वल्ही मारत जायचा. मोडक्या गुडघ्याच्या माणसाला तेवढाच समुद्र. कुठं जातो, कुणी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलंही नव्हतं.

"मी बोलते," हमदिये म्हणाली.

"मी बोलतो. माझा बाप आहे."

"म्हणूनच तू नको."

तिनं दुरालीला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. मग एक शंख त्याच्या हातात ठेवला. "बाबा, लहान शंख्या कुठं सोडता?"

"काळ्या पाठीवर," दुराली लगेच म्हणाला. "आणखी कुठं? तुझ्या सासूचं कडं घेतो खुंटीवरून. त्यातून जाईल ते खडकाला परत. धक्क्यापाशी गाळ आहे, गुदमरतील. खडकावर खायला मिळतं."

"मिळालं त्यांना," इल्यास म्हणाला.

हमदियेनं त्याच्याकडं पाहिलं. तो उठून दारात जाऊन उभा राहिला.

म्हाताऱ्यानं हातातला शंख फिरवला. खोक बोटाला लागली तेव्हा त्याचं बोट थांबलं. त्यानं शंख ठेवला, दुसरा घेतला. तिसरा घेतला. बाराही हाताळून झाल्यावर त्यानं हात मांडीवर पालथे ठेवले. हमदियेला त्याच्या चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून ती हातांकडं बघत राहिली. त्या हातांनी तीन वर्षं, बादलीमागून बादली, बिस्मिल्ला म्हणून तिच्या खडकावर हे पेरलं होतं. 

मग तो बोलला. "लोखंडाखालून गेली. बोटीत उन्हात पडली. माझ्या बादलीत बुचकळली. आणि खाली जाऊन आधी घर नीट केलं, मग जेवायला बसली." त्यानं शंख पुन्हा उचलला. "मला गुडघा नीट करता आला नाही तीन वर्षांत."

"बाबा, तुम्हाला काय माहीत."

"माहीत करून घ्यायचं होतं. कडं शिंपल्यांचं आहे. तुझी सासू असती तर तिनं माझ्या हातावर मारलं असतं." तो उठला. "अंडी कधी फुटतात?"

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. फेरदानेला माहीत होतं. तिच्या खडकावर तिनं पाहिलं होतं, ती अंडी आहेत हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं: पिवळी असतात, मग राखाडी होतात, मग वांग्यासारखी काळपट. काळपट झाली की दोन-चार दिवस, आणि मग टोपणं उघडून सगळं पाण्यात.

*

सतरा दिवस त्यांनी काळी पाठ साफ केली.

पहाटे पाणी निवांत असताना निघायचं. दुराली वल्ह्यांवर. होडी एका जागी धरून ठेवायला गुडघा लागत नाही, मनगटं लागतात, आणि ती त्याच्याकडं होती. हमदिये बादलीत तोंड घालून ओणवी. इल्यास पाण्यात, कमरेला झोळी, हातात पत्र्याची खुरपी.

"डावीकडं. अजून. तुझ्या टाचेखाली."

इल्यास बुडी मारायचा, झोळी भरायचा, वर येऊन होडीच्या काठाला हात टाकून श्वास घ्यायचा. त्याचे ओठ निळे पडायचे. पहिल्या आठवड्यात कानांतलं पाणी निघेना, मग रक्त आलं एकदा. हमदियेनं कापसाचा बोळा घातला आणि त्या दिवशी ती स्वतः उतरली, सलवार गुडघ्याशी बांधून. तिला तीनच बुड्या जमल्या. पण खाली असताना, डोळे चुरचुरत असताना, तिनं एका शंखीला हात लावला आणि शंखी खडकाला अशी धरून बसली की दोन्ही हातांनी ओढावी लागली. इतका जोर, आणि हाड एकही नाही.

पिवळं गवत खुरपीनं सुटायचं तेव्हा चटईसारखं अखंड सुटायचं. रोज चार-पाच पोती. ती धक्क्यावर चढवून हमदिये आणि दुराली डोंगरावरच्या हेझलनटच्या बागेत न्यायचे आणि झाडांच्या मुळाशी पुरायचे. वास केसांतून जात नव्हता.

"हमदिये," शेडच्या गाडीतून फेरदाने ओरडायची, "समुद्राची गवतकापणी झाली का? मळणी कधी?"

"तू ये मळायला. नखं बघते आधी."

गाडीतल्या बायका हसायच्या. नुसरेत एकदा ट्रक थांबवून पोत्यात बघून गेला. "लहान कशाला मारता?" तो म्हणाला. "उद्या मोठ्या होतील, तुम्हीच धराल, मीच नेईन. आपलंच पीक आहे."

"खडक माझा आहे," हमदिये म्हणाली.

"खडक खाऊन पोट भरतं का, वहिनी? शेडमध्ये सप्टेंबरपासून तीन बायका लागतील. नाव सांगून ठेवा."

सतराव्या दिवशी वरची पाठ, उतार, खांदा, सगळं नजरेला स्वच्छ दिसत होतं. काळी चार चादरींची जागा तशीच होती, श्वास घेत. इल्यासनं हात वर करून संपल्याची खूण केली. हमदियेनं एकदा शेवटचं म्हणून होडी पूर्वेच्या टोकापर्यंत न्यायला लावली. तिथं खडक पोटाशी आत गेलेला होता. त्या खोबणीत सूर्य फक्त सकाळी अर्धा तास शिरतो. त्या दिवशी तो शिरलेला होता.

आत भिंतीला पिवळं नव्हतं. पांढरं होतं. हातभर रुंद, लोंबणारं, कागदासारखं. प्रत्येक कुपीचं टोपण उघडं.

 पाण्यात काही दिसत नव्हतं. हिरवट उजेड आणि त्यात तरंगणारे धुळीसारखे कण, जसे नेहमी असतात. त्यातले धुळीचे कोणते आणि दुसरे कोणते, हे सांगता आलं नसतं. ते तिच्या हनुवटीखाली होते, होडीखाली होते, धक्क्यापर्यंत होते, आणि धक्क्याच्या पलीकडं जिथपर्यंत पाणी जातं तिथपर्यंत. अंड्यांतून सुटलेली पिल्लं महिनाभर पोहतात म्हणे. तिनं तोंड वर काढलं आणि समुद्राकडं पाहिलं. तो नेहमीसारखाच होता.

"झालं?" दुरालीनं विचारलं.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "खांदा राहिलाय. यंदा त्यावर काठी घालायची नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्यातूनच खडक भरला तर भरेल."

"आणि तुझं ताट?"

तिनं बादलीतलं पाणी ओतलं. "नुसरेतला नाव सांगा माझं."

दुरालीनं वल्ही उचलली नाहीत. होडी जरा वेळ आपली आपण वाहत राहिली.

*

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी बंदी उठली. इल्यासची बोट दुपारच्या आत भरून आली. धक्क्यावर दुरालीची खुर्ची होती, कडं त्याच्या हातात होतं, आणि निम्मं गाव काही ना काही काम काढून तिथं उभं होतं, कारण गोष्ट सगळ्यांना कळली होती. फेरदानेला सुट्टी होती; नव्या मालाचं काम शेडमध्ये उद्या सुरू व्हायचं. हमदियेनं सकाळी नखं कापली होती.

दुरालीनं पहिली शंखी कड्याला लावली. अडकली. पोत्यात. दुसरी पलीकडं गेली. जरा थांबून त्यानं ती बादलीत न टाकता पायापाशी ठेवलेल्या दुसऱ्या पोत्यात टाकली. हेझलनटच्या झाडांचं पोतं. 

"काका," नुसरेत म्हणाला, "समुद्राचा हिस्सा राहिला की."

"तो वेगळा देईन," दुराली म्हणाला.

अर्धा माल झाल्यावर त्याच्या हातात एक मोठी शंखी आली आणि त्यानं ती लगेच टाकली नाही. डोळ्यांजवळ धरली. मग हमदियेला हाक मारली.

दोन मुठींएवढी, जुनी. ओठाची खोक भरून येऊन कित्येक वर्षं झालेली. आणि तिच्या पाठीवर, नागमोडी रेघांमधून, शिंपले होते. नवे, यंदाच्या उन्हाळ्याचे, वाटाण्याएवढे, काळे चकचकीत. प्रत्येकानं रेशमासारख्या दोऱ्यांनी शंखाला घट्ट बांधून घेतलेलं. हमदियेनं ओल्या बोटानं एकेकाला स्पर्श करत मोजले. एक्केचाळीस. बोट लागलं की दार मिटत होतं.

"खाणारीच्या पाठीवर बसलेत," फेरदाने हळू म्हणाली. "अक्कल आहे का यांना?"

"तिथं तिचं तोंड पोचत नाही," हमदिये म्हणाली.

"खरवडून टाका," नुसरेत म्हणाला. "शेडमध्ये असली चालत नाही."

"ही शेडला जात नाही," दुराली म्हणाला.

त्यानं गळ मागितला. शंखीच्या केशरी पावलात गळ रुतवला आणि ती धक्क्याच्या खांबाला उलटी टांगली, शंख खाली, मांस वर, म्हणजे शंखाच्याच वजनानं मांस आतून सुटेल. शिंपल्यांवर ओलं फडकं गुंडाळलं. मग उरलेला माल निवडत बसला, आणि मधूनमधून ओंजळीनं फडक्यावर पाणी मारत राहिला. शंखीनं शंख सोडला नाही. तास गेला. नुसरेतचा ट्रक भरून गेला, माणसं पांगली. हमदिये जवळच बसून होती. तिला दिसत होतं, मांसाचा धागा दर थोड्या वेळानं किंचित लांब होतोय आणि पुन्हा आखडतोय. आपल्या घराचं सगळं ओझं तो एकट्यानं धरून होता. तिनं तोंड फिरवलं नाही. उद्यापासून तिला हेच करायचं होतं, उकळत्या पाण्यातून काढलेल्यांचं, दिवसाला हजारांचं. एकीला तरी नीट बघून घ्यावं असं तिला वाटलं.

ऊन कलल्यावर धागा सुटला. शंख फडक्यासकट तिच्या ओंजळीत पडला, रिकामा, जड.

दोघं लहान होडीत बसली. दुराली तीनशे वल्ही न थांबता मारत गेला. काळ्या पाठीच्या पूर्वेच्या खांद्यावर हमदियेनं काचेची बादली टेकवली आणि हातानं दिशा दाखवली. होडी थांबली.

म्हाताऱ्यानं फडकं काढलं. सवयीनं कडं घेतलं आणि शंखाला लावलं. शंख अडकला; त्यातून जायचा प्रश्नच नव्हता. त्यानं कड्याकडं पाहिलं, शंखाकडं पाहिलं, कडं सुनेच्या हातात दिलं. मग बिस्मिल्ला म्हणून दोन्ही हातांनी शंख पाण्यात धरला आणि सोडला.

काचेतून हमदियेला तो खाली जाताना दिसला. हिरव्या उजेडात सावकाश फिरत, एक्केचाळीस काळे ठिपके घेऊन. काळ्या शिंपल्यांच्या कडेला, पांढऱ्याच्या रेषेवर, तो तोंडावर टेकला. गाळाचा बारीक ढग उठला. ढगात क्षणभर वाटलं, की तो चालतोय.

"पडला नीट?" दुरालीनं विचारलं.

"पडला."

"हलतोय का?"

तिनं ढग खाली बसायची वाट पाहिली. शंख होता तिथंच होता. त्याच्या पाठीवर एक दार किंचित उघडलं, मग दुसरं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "बसलाय."